मागचं डावं दार

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी बिजागरे मागच्या डाव्या दाराच्या सहाव्या पट्टीशी होते. राष्ट्रप्रमुखांच्या गाडीचं हे दार दोनशे दहा किलो भरतं. म्हणजे तीन माणसं, तीही जेवून उठलेली. दाराच्या चौकटीवरच्या रबरावर आठ ठिकाणी पातळ कागदाच्या पट्ट्या लावायच्या, दार लोटायचं आणि बाहेर राहिलेलं टोक धरून एकेक पट्टी ओढायची. पट्टी सहज हातात आली तर रबर तिथे टेकत नाही. फाटली तर दार गरजेपेक्षा जास्त दाबतंय. कुरकुरत, नाइलाजाने, पण अखंड बाहेर आली तर ठीक. सहावी तशी आली. सातवीही. आठवीही.

मग त्यांनी दार पुन्हा उघडलं, खांदा लावून एकदाच लोटलं आणि मान तिरकी करून ऐकलं. आवाज 'धाड' असा आला तर बिजागरी उतरली आहे, 'खट्' आला तर कुलपात काहीतरी ढिलं आहे. 'धप्' हवा. धप् आला.

रजिस्टर मात्र त्यांनी त्या सकाळी उघडलं नाही. मागच्या नऊ दिवसांत याच दारासमोर त्यांनी दोनदा 'दोष नाही' लिहून सही केली होती आणि दोन्ही वेळा वरून उलटा निरोप आला होता.

बिजागरे हे त्यांचं आडनाव नाही. खरं आडनाव हजेरीपटावर आहे आणि ते तिथेच राहिलं. दारं आणि बिजागऱ्या सांभाळणारा माणूस म्हणून कुणीतरी एकदा अशी हाक मारली, ती चिकटली. आता घरी येणाऱ्या पत्रांवरही 'श्री. बिजागरे' असतं. बायको म्हणते, "बरं झालं, 'वंगणे' नाही पडलं." वय छप्पन वर्षं दहा महिने. निवृत्तीला चौदा महिने बाकी. सरकारी गॅरेजात एकतीस वर्षं झाली, त्यातली एकवीस याच कामावर.

गॅरेज म्हणजे पत्र्याच्या छपराचा एक लांबट हॉल, गाडीखाली उतरायचे तीन खड्डे, कोपऱ्यात दिवसभर धडधडणारा कॉम्प्रेसर आणि फोरमनची काचेची केबिन. राष्ट्रप्रमुखाला इथे 'पाहुणा' म्हणतात. तोंडावर नव्हे, अर्थात. पाहुणा चार-पाच वर्षांनी बदलतो, गॅरेज बदलत नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. बिजागरेंनी सहा पाहुणे पाहिले. एकाला गाडीत झोप लागायची, एकाला गाडी लागायची. सध्याच्या पाहुण्या एक बाई आहेत, वय त्रेसष्ट. त्या गाडीत कागद वाचतात आणि त्यांना शांतता लागते.

या गॅरेजचा इतिहास सांगायचा तर तो दारांचाच सांगावा लागतो. सुरुवातीला दाराचा प्रश्न नव्हता, कारण गाडीला टपच नव्हता. पाहुणा मागे उभा राहायचा, हात हलवायचा, ऊन फारच झालं तर बसायचा. दार म्हणजे गुडघ्याएवढी फळी. पुढे परदेशात एका उघड्या गाडीतल्या प्रमुखावर भर दुपारी गोळ्या झाडल्या गेल्या आणि देशोदेशीच्या गॅरेजांत टपाची शोधाशोध सुरू झाली.

पहिली चिलखती गाडी इथल्याच माणसांनी गॅरेजातच बनवली. साधी लांबडी गाडी घेतली, रेल्वेच्या कारखान्यातून पोलादी पत्रे कापून आणले आणि दारांच्या आत बसवून वरून कापड लावलं. कागदावर बेत उत्तम होता. पण दारं इतकी जड झाली की महिन्याभरात खाली आली; उघडताना दाराखाली एकाने पाय घालून उचलायचं आणि दुसऱ्याने ओढायचं. स्प्रिंगा बसल्या. निवासस्थानाच्या चढावर गाडीचं पोट घासायचं आणि पाहुणा आत आल्याची वर्दी पहारेकऱ्याच्या आधी तो आवाज द्यायचा. काचा दोन बोटं जाड होत्या. दोन उन्हाळ्यांत त्या चहाच्या रंगाच्या झाल्या आणि आतला माणूस आजारी आहे अशी बातमी छापून आली.

दुसरी गाडी वापरलेली आली. जिथून आली तिथल्या प्रमुखाला लोकांनी घालवून दिलं होतं आणि नव्याला ती अपशकुनी वाटत होती. तिच्या राखदाणीत एक अर्धवट सिगारेट निघाली. ती फेकायची की नोंद करून ठेवायची यावर गॅरेजात दोन दिवस खल झाला. तेव्हा दारांचं काम वस्तादांकडे होतं. बिजागरेंनी सगळं त्यांच्याच हाताखाली उचललं. त्या वेळच्या पाहुण्याला स्वतःचं दार स्वतः उघडायचा नाद होता. "मी काय लोळागोळा आहे का?" असं ते म्हणायचे. वस्तादांनी विचार केला, मोठ्या माणसाचा हट्ट आहे, पुरवू. त्यांनी कुलपाची जीभ कानशीने थोडी घासली. दार हलकं झालं, पाहुणा खूश झाला, आणि तीन आठवड्यांनी भर समारंभात ती घासलेली जीभ आडवी अडकली.

बावीस मिनिटं पाहुणा आत आणि देश बाहेर. काच खाली होत नाही. आतलं बाहेर ऐकू येत नाही. अधिकारी सलाम ठोकून उभे. बँडला तीन धुना येत होत्या, त्या त्यांनी दोनदा वाजवल्या आणि तिसऱ्यांदा सुरू केल्या. शेवटी पाहुण्याने कागदावर एक शब्द लिहून तो काचेला लावला. तो कोणता, हे गॅरेजात आजही कुणी मोठ्याने सांगत नाही. चौकशीत निघालं की रजिस्टरात त्या दारासमोर तिघांच्या सह्या होत्या आणि तिघांपैकी एकानेही दार पाहिलेलं नव्हतं. जे केलं ते लिहिलं नव्हतं आणि जे लिहिलं ते केलं नव्हतं. तेव्हापासून रजिस्टरच्या पहिल्या पानावर तीन ओळी आहेत: ज्याने तपासलं त्याचीच सही. जे तपासलं तेवढंच लिहायचं. खोडाखोड नाही.

तिसरी गाडी कारखान्यातूनच चिलखती होऊन आली. तिच्या दारांसाठी वस्तादांनी निवृत्तीच्या आधी पट्ट्यांची पद्धत बसवली. आठ जागा खडूने आखल्या, त्यांची मापं वहीत लिहिली आणि वही बिजागरेंच्या हातात दिली. चौथी, म्हणजे सध्याची, नऊ वर्षांपूर्वी आली. साडेसहा टन. काच अंगठ्याएवढी जाड, चार थरांची. टायर फुटला तरी ती पन्नास किलोमीटर धावते. बाहेर विषारी धूर सोडला तर गाडी स्वतःच्या नळकांड्यांतली हवा आत सोडते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त राहतो, म्हणजे हवा बाहेर जाईल, आत येणार नाही. हे सगळं दाराच्या रबरावर अवलंबून आहे. रबराने दगा दिला तर साडेसहा टनांचा उपयोग कपाटाइतकाच.

म्हणून शिट्टी ही साधी गोष्ट नव्हती.

पहिली तक्रार नऊ दिवसांपूर्वी आली. सचिवांचा फोन होता: बाई म्हणतात, गाडीने वेग घेतला की डाव्या बाजूने बारीक शिट्टी येते. फोरमनने बिजागरेंना हाक मारली. बिजागरेंनी पट्ट्या लावल्या, गाडी रस्त्यावर काढायला लावली आणि स्वतः मागे बसले. हा इथला शिरस्ता आहे. पाहुण्याच्या जागेवर गॅरेजातलं दुसरं कुणी बसत नाही, फोरमनसुद्धा नाही. फक्त दारवाला बसतो, आणि तोही ऐकायला. ड्रायव्हर पुढे, मध्ये जाड काच, त्यामुळे त्याला मागचं काही कळत नाही. बिजागरे अकरा किलोमीटर ऐकत बसले. गाडीत शांतता होती. त्यांनी 'दोष नाही' लिहिलं.

यावर कुणी शंका काढली नाही. बिजागरेंचा कान म्हणजे गॅरेजात कोर्टाचा निकाल. तिसऱ्या गाडीच्या कुलपातली तुटलेली स्प्रिंग त्यांनी हॉलच्या दुसऱ्या टोकाला चहा पिता पिता ओळखली होती, ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवली जाते. त्यामुळे दुसऱ्यांदा तक्रार आली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "बाईंच्याच कानात वाजत असेल. या वयात होतं असं."

"मोठ्या माणसांच्या कानात लोक सतत काहीतरी फुंकत असतात," फोरमन म्हणाला, "त्यातलंच राहिलं असेल एखादं."

सगळे हसले. बिजागरेही हसले, पण थोडे उशिरा.

त्याच्या आदल्या आठवड्यात घरी एक गोष्ट घडली होती. ते स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते, शेगडीवर चहाची किटली. शिट्टीची किटली, लेकीने दिलेली. बायको अंघोळ करून बाहेर आली तेव्हा किटलीतलं पाणी संपून बूड लाल व्हायला आलं होतं.

"अहो! किटली ओरडून ओरडून मेली की! शेजारीण दार वाजवून गेली असेल!"

"वाजली नाही ती."

"मला बाथरूममध्ये ऐकू येत होती, नळ चालू असताना."

"मग बिघडली असेल."

बायकोने किटली पुन्हा भरून ठेवली. पाच मिनिटांनी तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. किटलीच्या तोंडातून वाफेची सरळ रेघ निघत होती. आवाज नव्हता. म्हणजे बिजागरेंसाठी नव्हता. बायकोने कानांवर हात ठेवले होते.

"माझं बोलणं ऐकू न येणं हा लग्नापासूनचा आजार आहे, त्याला डॉक्टर नको," ती म्हणाली. "पण हे दाखवून या."

ते गेले नाहीत. दाराचा धप् ऐकू येत होता, कॉम्प्रेसर ऐकू येत होता, माणसं ऐकू येत होती. तीस वर्षं ग्राइंडरशेजारी काढल्यावर कानातला वरचा, बारीक आवाजांचा कप्पा आधी जातो आणि बाकीचा शाबूत राहतो, हे त्यांना माहीत होतं. वस्तादांचंही तेच झालं होतं. फक्त वस्तादांच्या वेळच्या गाड्या इतक्या खडखडायच्या की शिट्टी कुणालाच ऐकू आली नसती.

तिसरी तक्रार मंगळवारी संध्याकाळी आली. बुधवारी, म्हणजे पट्ट्यांच्या त्या सकाळी, आठ वाजता फोरमनने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. फोरमन दहा वर्षांनी लहान आहे, पण बोलताना मान ठेवतो.

"बिजागरे, उद्या परदेशी पाहुणे येतायत. बाई विमानतळावर जाणार, येताना दोघं याच गाडीत. आज चारपर्यंत मला वर कळवायचंय, गाडी ठीक की नाही."

"सकाळी पाहिलंय मी. पट्ट्या ठीक आहेत."

"पट्ट्या ठीक आहेत, तुम्ही ठीक आहात, मी ठीक आहे. मग शिट्टी कोण वाजवतंय?" त्याने सचिवांचा कागद पुढे सरकवला. "हे बघा, आज परत 'दोष नाही' गेलं आणि उद्या परत वाजली, तर मला कंपनीच्या माणसांना बोलवावं लागेल. ते एकदा आले की दारं त्यांची. कराराने दर महिन्याला येऊन तेच बघणार. मग तुम्ही स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजा, मी इथे माश्या मारतो."

"आणि मी दोष आहे म्हटलं तर?"

"तर शोधून द्या. कुठे आहे, काय आहे. तुमचाच कान आहे, मी काय सांगू?"

दारात काचवाली उभी होती. गाडीच्या काचांचं काम तिच्याकडे आहे, वय चौतीस, कामावर आठवं वर्ष. जाड काचेचे थर कडेने सुटायला लागले की दुधाळ रेघ येते. ती वेळेत पकडणं हे तिचं मुख्य काम.

"साहेब, मलाही गाडीत बसायचंय आज," ती म्हणाली. "डाव्या काचेच्या कडेला मला रेघेचा संशय येतोय. उभ्या गाडीत दिसत नाही, उजेड सरकायला हवा."

फोरमनने बिजागरेंकडे पाहिलं. मागे बसण्याचा हक्क त्यांचा होता. बिजागरे म्हणाले, "समोरच्या घडीच्या सीटवर बसू दे. पाहुण्याच्या जागेवर नाही."

दहा वाजता गाडी निघाली. शहराबाहेर जाणाऱ्या रुंद रस्त्यावर ड्रायव्हरने वेग साठच्या वर नेला आणि बिजागरेंच्या सांगण्यावरून आत हवा भरणारा पंखा तिसऱ्या टप्प्यावर केला. काचवाली काचेच्या कडेवर नजर लावून होती. रेघ नव्हतीच. तिने मान वर केली.

"बापरे, काका! ही शिट्टी? हिच्यासोबत बाई नऊ दिवस कागद वाचतायत?"

बिजागरेंनी मान हलवली.

"सुईसारखी टोचतेय की! पण मग तुम्ही 'दोष नाही' कसं लिहिलंत?"

"आज वाढलीये."

"कुठून येतेय पण?"

बिजागरेंनी दाराच्या वरच्या पुढच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. वाऱ्याचा मार तिथे जास्त असतो, शिट्टी असेल तर तिथेच असणार, असा त्यांचा अंदाज. काचवालीने त्या बोटाकडे पाहिलं, मग खाली, दाराच्या मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. आवाज तिथून येत होता, अगदी उघड. ड्रायव्हरचा आवाज स्पीकरवर आला, "मागे काय झोपलात का दोघं?"

"गप चालव," काचवाली म्हणाली आणि बटण बंद केलं. मग हळू आवाजात, "काका, तुम्हाला ऐकू येत नाहीये."

"तू आत्ता बोललीस ते आलं की."

"ते नव्हे."

गाडीने एक पूल ओलांडला. बिजागरेंनी उजव्या हाताची मागची बाजू जिभेने ओली केली आणि हात दाराच्या खालच्या मागच्या कोपऱ्याशी नेला, रबराच्या कडेने इंच इंच सरकवत. हवा जात असेल तर ओली कातडी सांगते. एका जागी हात थांबला. दोऱ्याएवढी थंड धार होती, बाहेरच्या बाजूला ओढणारी. त्यांनी खिशातून खडू काढून खूण केली.

खूण सातव्या आणि आठव्या पट्टीच्या बरोबर मध्ये पडली होती.

मग त्यांच्या लक्षात आलं की कानाच्या आधी दुसरीच चूक झाली होती आणि ती नऊ वर्षं चालली होती. रबराची पट्टी गोल फिरून जिथे स्वतःला मिळते तिथे दोन टोकं चिकटवलेली असतात. तो सांधा कायम कच्चा. तिसऱ्या गाडीत सांधा दाराच्या खाली मधोमध होता आणि वस्तादांची आठवी खूण नेमकी त्यावर होती. चौथ्या गाडीत कारखान्याने सांधा मागच्या कोपऱ्यात नेला. बिजागरेंनी खुणा मात्र वहीतल्या मापांनीच आखल्या होत्या. रोज बत्तीस पट्ट्या, पण गाडी चौथी आणि पद्धत तिसरीची. बाकीचं कान पकडेल असा भरवसा होता.

परत येताना काचवालीच बोलली. "आता जागा सापडलीये. सांधा नवा चिकटवा, दुपारी परत एक फेरी मारू, मी ऐकते. शिट्टी गेली की गेली म्हणून सांगते, सही तुम्ही करा. चौदा महिन्यांचा तर प्रश्न आहे. कुणाला कळणार?"

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळीही मी बसेन. काचेचं काहीतरी निमित्त काढेन."

"दर वेळी तुझ्या काचेला रेघ येत राहिली तर काचा तपासायला कंपनीची माणसं येतील."

तिला हसू आलं, पण तिने सोडलं नाही. "काका, मी मस्करी करत नाहीये. स्टोअरला पाठवतील तुम्हाला."

"माहितीये."

"तुम्ही तिथे आठ दिवस टिकणार नाही. तिथला माणूस गाणी लावतो दिवसभर."

"त्याचा आता काही त्रास नाही होणार," बिजागरे म्हणाले.

अकरा ते दीड ते सांध्याशी होते. जुना डिंक पातीने खरवडला, टोकं स्वच्छ केली, नवा डिंक लावला, पकडीने दाबून ठेवलं. टोकांमध्ये केसाएवढं अंतर पडलं होतं. फोरमन दोनदा केबिनमधून पाहून गेला. बिजागरेंनी डबा उघडला नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वस्तादांची वही काढली, प्रत्येक दाराचा सांधा हाताने चाचपून पाहिला आणि चारही दारांसाठी नववी खूण आखली. ती वहीत लिहिली. खाली तारीख टाकली.

अडीचला गाडी दुसऱ्यांदा निघाली. या वेळी बिजागरे घडीच्या सीटवर बसले आणि काचवालीला समोर बसायला सांगितलं.

"तिथे? नको, काका."

"बाईंचा कान जिथे असतो तिथून ऐकायचं. बस."

ती पाहुण्याच्या जागेवर अगदी कडेला टेकली, जणू सीट उधार आणलेली आहे. स्पीकरवर ड्रायव्हर म्हणाला, "मागे डावीकडे कोण बसलंय? आज गाडी हलकी चाललीये."

"बिजागरेंनी जेवण केलं नाही म्हणून," काचवाली म्हणाली.

साठ. सत्तर. पंखा तिसऱ्यावर, मग चौथ्यावर. बिजागरे तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. एकवीस वर्षांत त्यांनी या गाड्यांमध्ये कुणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं. ऐकताना ते डोळे मिटत. तिने डोकं डावीकडे झुकवलं, काचेला जवळजवळ कान लावला, वर, खाली. मग म्हणाली, "नाही. काहीच नाही. गेली."

"नक्की?"

"तुमच्या पोटातला आवाज येतोय, बाकी काही नाही."

साडेतीनला त्यांनी रजिस्टर उघडलं. काचवाली शेजारी उभी होती. तिने पेन त्यांच्या हातात दिलं आणि खिडकीकडे पाहू लागली, म्हणजे जे होईल ते तिने पाहिलं नाही असं नंतर म्हणता यावं. बिजागरेंनी सावकाश, टपोऱ्या अक्षरात लिहिलं:

'मागचं डावं दार. खालच्या मागच्या कोपऱ्यात रबराचा सांधा सुटला होता. नवा केला. सांधा तपासणीच्या खुणांमध्ये येत नव्हता, चूक माझी. चारही दारांना नववी खूण घातली. शिट्टी मला ऐकू येत नाही, मागच्या दोन नोंदींच्या वेळीही येत नव्हती. आज दोन्ही फेऱ्यांत काचेच्या कामावरील बाईंनी ऐकून सांगितलं. दुसऱ्या फेरीत आवाज नव्हता. ऐकण्याबद्दलची सही त्यांनी करावी.'

खाली स्वतःची सही केली आणि रजिस्टर तिच्याकडे फिरवलं.

तिने वाचलं. "काका, हे काय केलंत!"

"पुढच्या वेळी तू रजेवर असशील," बिजागरे म्हणाले, "आणि मी डोळे मिटून मागे बसलेला असेन. आत गाडीभर शांतता. सही कर."

तिने केली. सही जरा वाकडी आली.

फोरमनने ती नोंद उभ्यानेच वाचली, मग बसून वाचली. बाहेर कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद झाला.

"मधलं वाक्य लिहायची काय गरज होती? सांधा सुटला, नवा केला. संपलं. वर तेवढंच लागत होतं."

"जे तपासलं तेवढंच लिहायचं. मी शिट्टी तपासली नाही."

"हे पान..." फोरमन म्हणाला.

"खोडाखोड चालत नाही," बिजागरे म्हणाले.

"मला सांगताय?" तो चिडला, पण आवाज चढवला नाही. "आता मला काय करावं लागेल ते कळतंय ना? तुम्ही लेखी दिलंय. कान तपासायला पाठवावं लागेल, आणि अहवाल येईपर्यंत दारावर तुमची सही चालणार नाही. अहवाल काय येईल ते तुम्हालाही माहिती आहे आणि मलाही."

"हो."

"कंपनीची माणसं मात्र नाही बोलावणार. दोष सापडलाय, कारण लिहिलंय. ती पाटी कोरी." त्याने चष्मा काढून पुसला. "दारं हिच्याकडे जातील. तिला शिकवायला किती दिवस लागतील?"

काचवाली दारातूनच म्हणाली, "माझ्याकडे काचा आहेत, साहेब."

"काच दारातच असते, बाई. आणखी चार बोटं खाली बघायचं."

बिजागरेंनी विचार केला. "हात बसायला वर्षभर. पट्ट्या आठवड्यात येतील."

"चौदा महिने आहेत तुमच्याकडे. पण कागदावर तुम्ही स्टोअरचे, हे लक्षात ठेवा. इथे आलात तर शिकवायला. हत्यार हातात, पेन नाही."

चार वाजायला पाच मिनिटं कमी असताना फोरमनने वर फोन केला आणि गाडी ठीक असल्याचं कळवलं. कुणी काय ऐकलं, हे पलीकडून कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी घरी बिजागरेंनी बायकोला सगळं सांगितलं, क्रमाने, रजिस्टर वाचून दाखवावं तसं. ती ऐकता ऐकता भांडी लावत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी सांगितलं तर पटलं नाही, आणि ती पोरगी बोलली तर लगेच लेखी दिलंत."

"तिने पुरावा दाखवला."

"मी किटली जाळून दाखवली, ती काय होती?" तिने लेकीला फोन लावला आणि फोनवरच हसत सुटली. मग फोन ठेवून म्हणाली, "ती विचारतेय, कानात घालायचं यंत्र घेतलंत तर आईचं ऐकावं लागेल, चालेल का?"

बिजागरे म्हणाले, "अहवाल येऊ दे."

सरकारी दवाखान्याची चिठ्ठी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली आहे. तपासणीच्या आधी बारा तास मोठ्या आवाजापासून लांब राहायचं, असं तिच्या मागे छापलेलं आहे, म्हणून उद्या सकाळी त्यांना गॅरेजात यायला मनाई आहे. चारही दारांच्या छत्तीस पट्ट्या काचवाली लावेल, नोंदीखाली सही तिची असेल आणि गाडी आठ वाजून दहा मिनिटांनी विमानतळाकडे निघेल. बिजागरेंची वेळ साडेनऊची आहे. पहिला मजला, खोली क्रमांक सात.